पसंतीक्रम

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले एकदाची.

२०२५ च्या जूनमधली गोष्ट. नात दहावी झालेली. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सबंध राज्यात ऑनलाइन झाले. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना त्याची सवय होती, आमच्या साताऱ्याला ते नवीन. शाखा निवडायची, मग महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा, जास्तीत जास्त दहा. पहिल्या पसंतीचं महाविद्यालय लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद! म्हणजे तो '१' कुणापुढे घालायचा, याला भलतंच महत्त्व.

आमच्याकडे तो १ माझा मुलगा घालत होता. मोबाइल त्याच्या हातात, पासवर्ड त्याला पाठ, आणि नात समोर पोहे चिवडत बसलेली. तिला कला शाखा हवी होती, मानसशास्त्रासाठी. मुलगा म्हणाला, "आधी सायन्स घेऊन ठेव, नंतर कुठेही वळता येतं."

माझा हात कपावरच थांबला. कारण ते वाक्य माझं आहे. १९९२ सालचं!

त्याला दहावीला ७८ टक्के मिळाले होते. तेव्हा गुणांची आजच्यासारखी रेलचेल नव्हती. त्याला कला शाखेत जाऊन इतिहास घ्यायचा होता. आणि मी कोण? स्वतः बी.ए. झालेली, इतिहास शिकवूनच घराचे हप्ते फेडणारी बाई! तरी विज्ञानाचा अर्ज भरला. माझं अक्षर चांगलं म्हणून मी भरते, असं सांगून. रांगेतही मीच उभी राहिले. सही तेवढी त्याची.

बारावीला गणितात जेमतेम तरला. पुढे नोकरी, संसार, सगळं ठीक झालं. तो कधी काही बोलला नाही. पण आजही अजिंक्यताऱ्यावर गेला की तो जे सांगत सुटतो ना, ते ऐकताना मला खाली बघावंसं वाटतं.

शाळेत मात्र माझी तऱ्हा वेगळी. निकाल लागला की काही मुलं वडिलांना घेऊन माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला यायची. वडिलांना लिहिता येत नसायचं. शाखेचा रकाना आला की मी मुलाला विचारायचे, "तुला काय हवंय?" वडील मध्ये बोलले तर त्यांना थांबवायचे. दुसऱ्यांच्या मुलांना विचारलं, घरच्याला नाही.

आईवडिलांनी यात पडूच नये, असं नाही हं म्हणत. दाखल्यांसाठी पंधरा वर्षांच्या मुलीने का सेतू कार्यालयात खेटे घालायचे? फी किती, एस.टी. किती वाजता, फेरीचा नियम काय, हे मोठ्यांनीच बघावं. ते सगळं आमची सूनबाई मुकाट्याने करत होती, आणि तिचं मत कुणी विचारलंही नव्हतं. मीसुद्धा नाही. असो.

त्या रात्री मुलाला म्हटलं, "तुझा अकरावीचा अर्ज मी भरला होता. तुला विचारलं नव्हतं."

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "आई, मी तरी कुठे काही बोललो होतो!"

"बोलणार कसा? पेन माझ्या हातात होतं."

दुसऱ्या दिवशी मोबाइल नातीसमोर होता. तिने कला शाखा निवडली. पहिल्या क्रमांकावर मात्र घराजवळचं सोडून लांबचं महाविद्यालय घातलं. हे मलाही पटलं नाही, पण मी गप्प बसले. मुलाने बोलायला तोंड उघडलं आणि चहाचा घोट घेतला.

तेवढ्यात ती साइट बंद पडली आणि पुन्हा पासवर्ड मागू लागली.

"बाबा, पासवर्ड काय?"

त्याने एकेक अक्षर सांगितलं. तिचंच घरातलं लाडकं नाव होतं, आणि पुढे जन्मसाल.