समुद्रात शिरलेलं कुंपण

दोस्तांनो, ॲटलास आहे ना जवळ? उत्तर अमेरिकेचं पान उघडा. डाव्या हाताला पॅसिफिक महासागर दिसेल. त्याच्या किनाऱ्यावरून बोट खाली आणत या. सॅन फ्रान्सिस्को, मग लॉस एंजेलिस, मग सॅन डिएगो. बस्स, इथे थांबा. सॅन डिएगोच्या खाली एक आडवी रेघ आहे आणि त्या रेघेला अगदी चिकटून दुसरं शहर आहे, तिहुआना. रेघेच्या वर अमेरिका, खाली मेक्सिको. आज आपल्याला या रेघेवरून चालत जायचंय.

रेघ केवढी लांब आहे म्हणाल, तर सुमारे ३१४५ किलोमीटर. मुंबईहून रेल्वेने दिल्लीला जाऊन परत आलात तरी ती शिल्लक उरेल! तेव्हा डबा बरोबर घ्या आणि पाणी तर घ्याच. पाण्याची गोष्ट पुढे येणार आहे.

सुरुवात करू तिहुआनाच्या चौपाटीवरून. इथे दीपगृह आहे, बैलाशी माणसं झुंजतात ते गोल मैदान आहे आणि रविवारी आपल्या जुहूसारखीच गर्दी असते. मुलं वाळूत किल्ले करतात, कणसं खातात. फक्त एक गोष्ट जुहूला नाही. चौपाटीच्या एका टोकाला उंचच उंच लोखंडी खांबांची रांग टेकडीवरून उतरते, वाळू ओलांडते आणि सरळ समुद्रात शिरते. लाटा तिच्या खांबांवर आपटून फुटतात. समुद्रपक्षी खांबांवर बसतात, मासे इकडून तिकडे जातात. माणसांना मात्र बंदी.

या कुंपणाजवळच एक संगमरवरी स्तंभ आहे. दोन देशांची हद्द जिथे सुरू झाली तिथला तो दगड. १९७१ साली इथे अमेरिकेच्या बाजूला ‘फ्रेंडशिप पार्क’ म्हणजे मैत्री उद्यान सुरू झालं. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या पत्नी पॅट निक्सन आल्या होत्या. तेव्हा इथे होती साधी तार. तारेपलीकडच्या माणसांशी हात मिळवता यायचा, डबा वाटून खाता यायचा. अमेरिकेत राहणारा मुलगा आणि मेक्सिकोतली आई इथे येऊन गप्पा मारत बसायची.

मग तारेचं कुंपण झालं, कुंपणाला बारीक जाळी बसली. जाळी इतकी बारीक की त्यातून फक्त बोटाचं टोक जाई. आजी इकडून करंगळी टेकवायची, नातू तिकडून. भेट झाली!

मेक्सिकोत ३० एप्रिलला बालदिन असतो. २०१३ साली या बालदिनाच्या निमित्ताने कुंपणातलं एक दार पहिल्यांदा उघडलं गेलं. पुढच्या काही वर्षांत ते आणखी मोजक्या वेळा उघडलं. आधी चौकशी होऊन निवडलेली थोडीशी कुटुंबं दाराशी येत आणि एकेका कुटुंबाला मिळत तीन मिनिटं. घड्याळ लावून तीन मिनिटं बसून बघा, म्हणजे कळेल किती होतात ती. २०१८ पासून दार उघडणं बंद झालं, २०२० साली अमेरिकेच्या बाजूने भेटीही थांबल्या आणि २०२३ मध्ये तिथे सुमारे नऊ मीटर उंचीची नवी भिंत उभी राहू लागली. नऊ मीटर म्हणजे साधारण तीन मजली इमारत.

आता तुम्ही विचाराल, की एवढी भिंत कशासाठी? त्यासाठी आधी या रेघेचा इतिहास पाहायला हवा.

मघाशी आपण नकाशावर नावं वाचली. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो. ही नावं इंग्रजी नाहीत बरं का, स्पॅनिश आहेत. कारण हा सगळा मुलूख एकेकाळी मेक्सिकोचा होता. १८४६ ते १८४८ मध्ये दोन देशांचं युद्ध झालं, मेक्सिको हरला आणि २ फेब्रुवारी १८४८ च्या तहात त्याचा प्रचंड मोठा प्रदेश अमेरिकेकडे गेला. टेक्सास तर आधीच गेलं होतं. अशा रीतीने बरीच माणसं घर न सोडता दुसऱ्या देशात जाऊन पोचली! ॲरिझोनाच्या वाळवंटात तोहोनो ओओधाम नावाचे आदिवासी राहतात. पुढे १८५३ च्या करारात आणखी एक पट्टा विकला गेला आणि ही रेघ त्यांच्या मुलखाच्या मधून गेली. आजही तिचा सुमारे शंभर किलोमीटरचा भाग त्यांच्या भूमीतून जातो आणि त्यांची काही माणसं पलीकडे मेक्सिकोत आहेत. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पहिलं कुंपण माणसांसाठी घातलंच नव्हतं, हे ऐकून तुम्हाला गंमत वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घातलेली ती तार होती गुरांसाठी. मेक्सिकोतल्या गाईगुरांच्या अंगावरच्या गोचिडी इकडे येऊ नयेत म्हणून!

माणसं येतजात होती. उलट दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला शेतावर हात कमी पडले, तेव्हा १९४२ साली तिनेच मेक्सिकोशी करार करून मजूर बोलावले. ही योजना १९६४ पर्यंत चालली. मग योजना बंद झाली, पण शेतं काही बंद झाली नाहीत. टोमॅटो तोडायचे होते, द्राक्षं खुडायची होती. मजूर येत राहिले, फक्त आता कागदाविना. आपल्याकडे बीडचे ऊसतोड कामगार हंगामाला बैलगाड्या, ट्रॅक्टर घेऊन निघतात आणि हंगाम संपला की गावी परततात ना? तसंच हे चालायचं. पैसे मिळवायचे आणि घरी जायचं.

१९९० नंतर हे बदललं. त्या काळी सॅन डिएगोच्या हद्दीवरून रात्रीच्या रात्री शेकड्यांनी माणसं पळत येत. तिथल्या रहिवाशांना त्याचा त्रासही होई, हे खरं आहे. तेव्हा व्हिएतनाम युद्धात विमानं उतरवायला जमिनीवर अंथरायचे ते लोखंडी पत्रे शिल्लक होते. ते उभे करून कुंपण झालं. १९९४ मध्ये ‘ऑपरेशन गेटकीपर’ सुरू झालं. दिवे आले, जमिनीतले सेन्सर आले, गस्त वाढली. आणि आकडे बघा. १९९४ साली सॅन डिएगो विभागात साडेचार लाख वेळा माणसं पकडली गेली होती, २००२ साली तो आकडा एक लाखावर आला. म्हणजे कुंपणाचा उपयोग झाला की!

पण थांबा. पूर्वेकडे ॲरिझोनातल्या टुसॉन विभागात १९९४ साली एक लाख चाळीस हजारांच्या आसपास असलेला आकडा २००० मध्ये सहा लाखांवर गेला. फुगा एका बाजूने दाबला की दुसरीकडे फुगतो, तसंच झालं. आणि दुसरीकडे काय होतं? वाळवंट.

चला, तिकडेच जाऊ. हे सोनोरा वाळवंट. दुमजली, तिमजली घराएवढे सग्वारो निवडुंग हात वर करून उभे असतात. फार देखणा प्रदेश आहे. पण उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि चालत पार व्हायला कित्येक दिवस लागतात. तेवढं पाणी माणूस पाठीवर वाहूच शकत नाही. १९९८ पासून या सीमेवर आठ हजारांहून अधिक माणसांचे मृतदेह सापडले, असं अमेरिकेच्या सीमा गस्तीदलाचीच नोंद सांगते. जे सापडलेच नाहीत ते वेगळे.

टुसॉनमधल्या काही लोकांनी २००० साली ‘ह्यूमेन बॉर्डर्स’ नावाची संस्था काढली. ते वाळवंटात पाण्याची पिंपं ठेवतात आणि शेजारी उंच काठीवर निळा झेंडा लावतात, लांबून दिसावा म्हणून. या पिंपांना भोकं पाडणारेही लोक आहेत. त्यांचं म्हणणं, पाणी ठेवलं तर आणखी लोक येतील. तहानलेल्या माणसापुढचं पाणी सांडून कुठलाही देश सुरक्षित होतो, असं मला तरी वाटत नाही.

कडक पहाऱ्याचा आणखी एक परिणाम कुणी धरला नव्हता. येणं अवघड झालं, तसं परत जाणंही अवघड झालं. एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही, म्हणून हंगामी मजूर तिथेच राहिले आणि बायकामुलांना बोलावून घेऊ लागले. आज अमेरिकेत कागदाविना राहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या बरीच वर आहे. यातले सगळे भिंत ओलांडून आले असंही समजू नका. पुष्कळ जण रीतसर व्हिसा घेऊन विमानाने आले आणि मुदत संपल्यावर राहून गेले. विमानाला भिंतीचं काय!

मग भिंत हवी की नको? घराघरात, शाळांत, संसदेत यावर भांडणं झाली. २००६ साली संसदेने सुमारे अकराशे किलोमीटर कुंपणाचा कायदा केला. डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१६ ची निवडणूक भिंतीचं वचन देऊन जिंकली. भिंतीला पैसे द्यायचे की नाही या वादात डिसेंबर २०१८ पासून ३५ दिवस सरकारचे बरेचसे कारभार बंद होते! २०२१ पर्यंत त्यांच्या सरकारने सुमारे ७३७ किलोमीटर भिंत बांधली, बहुतेक जुन्या कुंपणाच्या जागी. पुढच्या सरकारने काम थांबवलं आणि २०२५ मध्ये ट्रम्प परत आल्यावर संसदेने पुन्हा अब्जावधी डॉलर मंजूर केले.

भिंत हवी म्हणणाऱ्यांचं ऐका. ते म्हणतात, आत कोण येतं हे ठरवायचा हक्क प्रत्येक देशाला आहे. जे वर्षानुवर्षं रांगेत उभे आहेत त्यांच्यावर हा अन्याय नाही का? माणसांची चोरटी ने-आण करणाऱ्या टोळ्यांना आळा नको का? हे प्रश्न खोटे नाहीत. २०२३ च्या आर्थिक वर्षात गस्तीदलाने वीस लाखांहून अधिक वेळा माणसं पकडली. एवढ्यांची सोय लावताना गावंच्या गावं मेटाकुटीला आली.

नको म्हणणारे म्हणतात, रांग आहे कुठे? साध्या शेतमजुराला कायमचं येण्यासाठी रांग जवळजवळ नाहीच. आणि ज्यांना रांग आहे त्यांचं काय? अमेरिकेत नोकरी करणारे आपले किती तरी मराठी ताई-दादा ग्रीन कार्डासाठी कित्येक वर्षं थांबून आहेत. शिवाय जिवाच्या भीतीने पळून आलेल्याला आसरा मागायचा हक्क आहे, त्याला भिंतीशी काय सांगायचं? भिंतीला लोक शिड्या लावतात, पडून हाडं मोडून घेतात, करवतीने खांब कापतात. २०२० च्या जानेवारीत तर सॅन डिएगोजवळ सव्वा किलोमीटरहून लांब भुयार सापडलं. आत रूळ, लिफ्ट, हवा खेळती ठेवायची सोय!

आणि २०२५ मध्ये पकडल्या जाणाऱ्यांची संख्या वर्षाला अडीच लाखांच्या आत आली. पण त्या दोन वर्षांत भिंत फारशी लांबली नव्हती. नियम कडक झाले होते, सैन्य आलं होतं, आसरा मागण्याची वाट बंद झाली होती. म्हणजे नुसत्या लोखंडाकडे बघून या प्रश्नाचं उत्तर सापडत नाही.

तुम्ही म्हणाल, हे झालं मेक्सिकोचं. आपला काय संबंध? आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. त्यात परत पाठवलेले १०४ भारतीय होते. गुजरात, हरियाणा, पंजाबचे पुष्कळ आणि तिघं आपल्या महाराष्ट्रातले. प्रवासात त्यांच्या हातापायांत बेड्या होत्या. ‘डंकी’ म्हणतात त्या आडवाटेने, जमीन विकून, एजंटाला लाखो रुपये देऊन, पनामाचं घनदाट जंगल तुडवत लोक या रेघेपर्यंत येतात. जून २०१९ मध्ये पंजाबातली एक सहा वर्षांची मुलगी ॲरिझोनाच्या याच वाळवंटात उन्हाने गेली. तिची आई पाणी शोधायला गेली होती.

आणि कुंपण आपल्याकडेही आहे, हे आईबाबांना विचारा. बांगलादेशाच्या सीमेवर आपण तीन हजार किलोमीटरहून अधिक कुंपण घातलं आहे. तिथून येणाऱ्याला आपली वर्तमानपत्रं काय म्हणतात आणि डंकीने जाणाऱ्या आपल्या माणसाला काय म्हणतात, ते दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून पाहा.

चला, अजून निम्म्याहून अधिक वाट बाकी आहे. न्यू मेक्सिकोतलं सनलँड पार्क आणि पलीकडे मेक्सिकोचं हुआरेझ. इथल्या भिंतीच्या खांबांमध्ये थोड्या फटी आहेत. जुलै २०१९ मध्ये रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सान फ्रातेलो या दोन वास्तुशास्त्रज्ञांनी काय केलं, तर त्या फटींतून तीन गुलाबी सी-सॉ आरपार बसवले! एका टोकावर अमेरिकेतली मुलं, दुसऱ्या टोकावर मेक्सिकोतली. हा खेळ तासभरही चालला नाही, पण सगळ्या जगाने त्याचे फोटो पाहिले आणि पुढे लंडनच्या डिझाइन म्युझियमचा मोठा पुरस्कार त्याला मिळाला. सी-सॉची एक गंमत आहे. समोरचा उतरला की आपणही धपकन खाली येतो.

इथून पुढे रेघ पाण्यात उतरते. रिओ ग्रँड नदी हीच सीमा. मेक्सिकोत हिला रिओ ब्राव्हो म्हणतात. नदी मोठी खट्याळ! एकोणिसाव्या शतकात एल पासोजवळ तिने पात्र बदललं आणि मेक्सिकोची जमीन अमेरिकेच्या बाजूला येऊन पडली. हा वाद शंभर वर्षं चालला. १९६३ साली समझोता झाला, जमिनीचा मोठा भाग परत गेला आणि नदीला काँक्रीटच्या पात्रात बसवलं. भांडण सैन्याशिवाय मिटल्याचं हे उदाहरण पाठ्यपुस्तकात यायला हवं होतं.

टेक्सासमध्ये भिंत नदीच्या अगदी काठावर बांधता येत नाही. पुराचं पाणी अडू नये असा दोन देशांचा करार आहे. म्हणून ती आत सरकली आहे. परिणाम असा, की काही अमेरिकन शेतकऱ्यांची शेतं, काहींची घरंसुद्धा भिंत आणि नदी यांच्या मध्ये अडकली. स्वतःच्याच देशात, पण भिंतीच्या ‘पलीकडे’. शेतावर जायचं तर फाटकाच्या कळपट्टीवर आकडे दाबायचे.

आणि ब्राऊन्सव्हिल शहर मागे टाकलं, की आपली रेघ मेक्सिकोच्या आखातात जाऊन संपते. इथे उत्तरेला बोका चिका किनाऱ्यावर एलन मस्क यांच्या कंपनीचा अवकाशतळ आहे. मंगळावर माणूस न्यायचा म्हणून इथून प्रचंड रॉकेटं उडतात. उड्डाणाच्या दिवशी अमेरिकेच्या बाजूचा किनारा सुरक्षेसाठी रिकामा करतात. पलीकडे मेक्सिकोच्या बगदाद नावाच्या किनाऱ्यावर मात्र लोक खुर्च्या टाकून, पोरांना खांद्यावर घेऊन बसतात आणि आकाशाकडे बघत उलटी मोजणी करतात. स्पॅनिशमध्ये.