चौदा दिवसांची रजा आणि अठरा दिवसांचा डोंगर

मंडळी, येत्या ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचं म्हणतेय. शिखरावर नव्हे हो, पायथ्याशी! (नातेवाइकांचे फोन सुरू होण्याआधी हे सांगितलेलं बरं.) पण हा पायथाही ५३६४ मीटरवर आहे आणि मला बहात्तरावं लागलंय. सोबत भाची. तिला रजा मोजून चौदा दिवस. सगळा घोळ त्या चौदांत आहे.

तीस वर्षं मी फळ्यावर 'एव्हरेस्ट ८८४८ मीटर' लिहिलं. डिसेंबर २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने मिळून ८८४८.८६ जाहीर केली. तोवर मी निवृत्त; ते ८६ सेंटिमीटर शिकवायचे राहूनच गेले. असो. 'उंच जावे तशी हवा विरळ होते' एवढ्या वाक्यात आमचा धडा संपायचा. आता त्याच वाक्याचा हिशेब स्वतःच्या फुफ्फुसांसाठी मांडतेय. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही तेच, २१ टक्के. पण बेस कॅम्पला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. शरीर जुळवून घेतं, पण त्याच्या चालीने.

दर रविवारी सिंहगड चढते, त्याने पाय तयार होतात. पण आपलं कळसूबाई १६४६ मीटर आणि जिथून चालायला सुरुवात करायची ते लुकलाच २८६० मीटर! उंचीची सवय महाराष्ट्रात राहून होतच नाही. ट्रेडमिलवरची चाचणी छान झाली, तेव्हा डॉक्टरांनी लगेच बजावलं, "यावरून हृदयाचं कळतं, उंची कोणाला बाधेल ते नाही." पंचविशीतल्या धडधाकट मुलालाही ती बाधते म्हणे.

तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा साधारण पाचशे मीटरहून अधिक उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची वाढवायची नाही, असा संकेत आहे. भाचीच्या कार्यक्रमात नामचे (३४४० मीटर) आणि दिंगबोचे (४४१० मीटर) इथे एकेक जादा रात्र होती. मी दोन्हीकडे आणखी एकेक घातली. शिवाय लुकलाच्या विमानासाठी दोन दिवस राखीव, कारण ढग उतरले की तिथली विमानं बंद. गर्दीच्या दिवसांत तर बरीच विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणजे मध्यरात्रीच मोटारीत बसा. बेरीज झाली अठरा.

"मावशी, विश्रांतीचे दोन दिवस कापूया ना."

"अगं, ती विश्रांती नव्हेच!" त्या दिवशी थोडं वर चढून झोपायला परत खाली यायचं असतं. शरीर शिकतं ते तेव्हा.

दोन दिवस आमची चिडचिड चालली. मग तिला दोन दिवसांची बिनपगारी रजा मिळाली, तिचे झाले सोळा. माझे अठराच. नामचेपर्यंत दोघी बरोबर, पुढे ती तिच्या चालीने, मी माझ्या. त्यासाठी वाट माहीत असलेले दोन सोबती घ्यायचे. खर्च वाढतो, पण एकच माणूस असेल तर एकीला खाली न्यायचं म्हणजे दुसरीनेही उतरायचं, नाहीतर आजारी माणसाने वरच थांबायचं. हे दुसरं तर नकोच.

एका कागदावर लिहून दोघींनी सह्याही केल्यात. डोकं दुखून मळमळलं तर तिथून वर नाही. तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर रात्र असली तरी खाली, आणि त्यात आजारी माणसाचं मत विचारायचं नाही. उंचीवर मेंदूच मंदावतो. 'मी ठीक आहे' असं तो खात्रीने सांगतो. माझा हट्टी स्वभाव घरच्यांना ठाऊक आहे, म्हणून कागदाची एक प्रत धाकट्या भावाकडे दिलीय.

विम्याचं तेवढं अडलंय. किती मीटरपर्यंत चालतो, हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च धरलाय का, हे बारीक अक्षरांत शोधावं लागतं. वय ऐकून दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसरीकडचं उत्तर यायचंय. तोवर तिकिटं काढायची नाहीत, असं भाचीला सांगून ठेवलंय.