गुरुवारची संध्याकाळ

समुपदेशक बाईंनी गृहपाठ दिलाय. आठवड्यातली एक संध्याकाळ सासूबाईंचं जेवण-औषध दुसऱ्या कुणीतरी बघायचं, मी रंकाळा तलावावर जायचं. फोन घरी ठेवून! हसूच आलं. आमच्यात बायका रंकाळ्यावर जातात ते पोरांना भेळ खायला घालायला.

त्याआधी त्यांनी एक प्रश्नावली भरून घेतली. झरिट नावाच्या संशोधकाची, २२ प्रश्नांची. स्मृतिभ्रंश झालेल्यांची सेवा करणाऱ्यांचा भार मोजायला ही वापरतात म्हणे. ज्याची सेवा करतो त्याचा राग येतो का, असंही त्यात विचारलेलं. 'कधी कधी'वर खूण करताना देवघरातल्या अंबाबाईकडे बघवेना. बाई म्हणाल्या, दमलेल्या माणसाला राग येतोच, त्यानं माया कमी होत नाही. एवढं ऐकूनच रडले.

पण नुसतं बोलून भागत नाही, हे माझं मत. २०२४च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकामाला ते करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. समुपदेशन माझं झालं, वाटणी घराची व्हायला हवी. भावजींना तसं सांगितलं. गुरुवारी येतो म्हणालेत. भात किती मऊ कालवायचा, तेवढं त्यांना दाखवायला हवं.

शेजारच्या वहिनींना समुपदेशनासाठी सीपीआर रुग्णालयात जायची लाज वाटते. त्यांना टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.