चावी फिरवली म्हणजे कुलूप लागलं का?

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरात एक गाडी आली. गाडी म्हणजे लेकीची जुनी सायकलच. मागच्या चाकात मोटर, सांगाड्याच्या दांडीवर बॅटरी आणि हँडलवर चावी, एवढीच भर. लेक अकरावीला, कॉलेज चिपळूणला, आमच्या गावापासून सात किलोमीटर. वाटेत चढ. एसटी मिळाली तर मिळाली, नाहीतर पहिला तास बुडाला. म्हणून भिशीचे पैसे आले तसे आम्ही सायकलीत घातले. मोटर बसवून दिली आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. दहावीनंतर शाळा सुटली आणि पोरगा सायकलच्या दुकानात लागला. हात चांगला.

एका संध्याकाळी आम्ही तीच सायकल घेऊन बाजाराला गेलो. मगरिबची अजान झाली. मशिदीच्या भिंतीला सायकल टेकवली, चावी फिरवली, खिशात टाकली आणि आत गेलो. नमाज आटोपून बाहेर आलो तर भिंत मोकळी. चावी मात्र आमच्या खिशात होती.

उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! त्या दिवशी उंट बांधलाय असं वाटलं होतं, पण दोरी कशालाच बांधलेली नव्हती.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न आला, "गाडीचा नंबर?" नंबर कुठला असणार? 250 वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या अशा हलक्या वाहनाला नोंदणी लागत नाही. घेताना ही सोय वाटली होती, चोरीनंतर तीच अडचण झाली. सांगाड्यावर, पायडल बसतं त्या नळीखाली, एक क्रमांक कोरलेला असतो. तो आम्ही कधी वाचलाही नव्हता.

घरी येऊन सविस्तर अर्ज लिहायला बसलो. "कोणावर संशय?" या ओळीशी हात थांबला. मग त्या पोराचं नाव लिहिलं. कोणती तार कुठे जाते हे त्यालाच माहीत, दुकानही बाजारातच, घरची परिस्थितीही बेताची. सगळं कसं जुळत होतं. लेक शेजारी उभी राहून वाचत होती. म्हणाली, "अब्बा, तुम्ही त्याला पाहिलंत?"

पाहिलं नव्हतं. लेकीची अम्मी काहीच बोलली नाही, फक्त कोरा कागद आणून ठेवला. आम्ही पहिला अर्ज फाडला.

तिसऱ्या दिवशी बंद पडलेल्या एका भातगिरणीच्या मागे सायकल सापडली. बॅटरी नव्हती. चोर कोण ते आजतागायत कळलेलं नाही. सायकल दुरुस्तीला त्याच पोराकडे नेली. हँडलखालच्या तारा पाहून तो हसला. "सर, याला कारागीर लागत नाही. दोन तारा सोलून एकमेकींना लावल्या की झालं."

मग त्याने आम्हांला शिकवलं आणि आम्ही स्टुलावर बसून शिकलो. हँडलवरची चावी मोटरची मुख्य वीज तोडतच नाही. कंट्रोलरला जागं करणारी एक बारीक तार असते, तेवढीच ती तोडते. शिवाय मोटर बंद असली तरी सायकल ती सायकलच. पायडल मारून कोणीही नेईल.

ऐकताना आम्हांला आमच्या अब्बांची लुना आठवली. तिचं तंत्र उलटं. मॅग्नेटोच्या इंजिनात बंद करायचं बटण ठिणगीची वीज सांगाड्यात उतरवतं. ती तार तोडली तर इंजिन बंद होण्याऐवजी चालू राहतं. म्हणून अब्बा बटणावर विसंबत नसत. प्लगची टोपी काढून सदऱ्याच्या खिशात ठेवत. अम्मी धुताना कुरकुरायची.

आता आमची रीत अशी. बॅटरी हा सगळ्यांत महाग भाग, तिचं कुलूप लहानसं. म्हणून गाडी जास्त वेळ उभी करायची असेल तर बॅटरी काढून सोबत न्यायची. पातळ केबलचं कुलूप कटरने पटकन तुटतं, त्याऐवजी यू आकाराचं पोलादी कुलूप घेतलं. ते सांगाडा आणि मागचं चाक, म्हणजे मोटरचं चाक, दोन्हींतून घालून खांबाला किंवा जाळीला अडकवायचं. नुसतं चाकाला लावलं तर चोर गाडी उचलून टेम्पोत टाकतो. त्या पोराने चावीच्या बारीक तारेवर एक छुपं बटण बसवलं. कुठे, ते लिहित नाही. असं बटण बॅटरीच्या जाड तारेवर बसवू नये. तिथला प्रवाह मोठा, लहान बटण जळतं. जोड पाण्यापासून झाकावा लागतो आणि हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. सांगाड्यावरच्या क्रमांकाचा फोटो आणि बॅटरीची पावती आता शाळेच्या दाखल्यांसोबत फाइलमध्ये आहे.

नवी बॅटरी येईपर्यंत दोन महिने लेक चढावर सायकल ढकलत गेली. तक्रार केली नाही.

मजुरी द्यायला गेलो तर पोरगा घेईना. "सर, तुमच्याकडून कशी घेऊ?" आम्ही पैसे बळेच त्याच्या हातात ठेवले आणि डोळ्याला डोळा न देता निघालो. त्या फाडलेल्या अर्जाबद्दल त्याला अजून सांगितलेलं नाही. बदगुमानीवर आम्ही मुलांना धडे देतो, पण हा धडा त्याच्यासमोर म्हणायला जीभ उचलत नाही. त्याच्या दुकानात हा अंक येतो. वाचला तर त्याने आम्हांला माफ करावं. नाही वाचला, तर येत्या जुम्याला नमाजनंतर आम्हीच जाऊन सांगू, इन्शाअल्लाह.