घराचा कौल

पावसाळ्यात एकदाही गळले नाही असे घर मी मालवणच्या बाजूला अजून पाहिलेले नाही. कोणी छातीठोकपणे तसे सांगू लागला, तर त्याचे घर स्लॅबचे आहे आणि ते बांधून अजून चार वर्षे व्हायची आहेत, असे खुशाल समजावे. आमच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी शंभर-सव्वाशे इंच पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकून घेतो. त्यातही तो सरळ पडेल तर कोकणातला पाऊस कसला! समुद्रावरचा वारा बरोबर घेऊन तो आडवा येतो, वळचणीखाली शिरतो, भिंतींना झोडपतो. त्याला अडवण्यासाठी ओटीपुढे माडाच्या चुडतांचे झाप बांधायचे आणि दिवाळीच्या सुमारास सोडायचे, हा जुना रिवाज. एकूण काय, आमच्याकडे घर म्हणजे मुख्यतः छप्परच. भिंती त्याला टेकू दिल्यासारख्या उभ्या असतात.

त्यामुळे छपराचा प्रश्न निघाला की तो निव्वळ बांधकामाचा प्रश्न राहत नाही. आमच्या घरात तो १६ मे २०२१ रोजी निघाला. त्या दिवशी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून वर गुजराथकडे गेले. जाता जाता त्याने आंब्या-माडांची आणि घरांची जी दशा केली, ती सर्वांना ठाऊक आहे. आमचे घर आचऱ्याजवळच्या एका वाडीत. त्यात काकी एकटी राहते. मागच्या पडवीवर माड पडला आणि पश्चिमेकडच्या पाख्याची निम्मी कौले गेली. करोनाची टाळेबंदी चालू होती. वीज नाही, फोन लागत नाही. चौथ्या दिवशी काकीचा आवाज ऐकू आला. ती म्हणाली, “देवघर सुका आसा. बाकीच्याचा मगे बघूया.” शेजारच्या मुलांनी ताडपत्री बांधून दिली होती. त्या ताडपत्रीखाली तिने तो अख्खा पावसाळा काढला, कारण कौले मिळेनात आणि मिळाली तर चढवायला माणूस मिळेना.

मग दिवाळीनंतर आम्ही सगळे जमलो आणि छपराचा विचार सुरू झाला. थोरले दादा स्लॅबच्या बाजूचे. धाकट्याचे म्हणणे, लोखंडी सांगाडा करून रंगीत पत्रा टाकावा, म्हणजे महिन्याभरात काम मोकळे. मी कौलांच्या बाजूचा. पण ‘परंपरा’ हा शब्द मी तोंडातून काढल्याबरोबर दादांनी मला असे काही पाहिले की, तो शब्द मी मुकाट्याने गिळून टाकला.

आणि खरे सांगायचे तर, दादांचे बरोबरच होते. ज्या मंगलोरी कौलाला आपण डोळे मिटून ‘आपले कोकणी कौल’ म्हणतो, ते तसे परक्या घरातून आलेले. एकमेकांत खाच अडकवून बसणारे सपाट कौल फ्रान्सच्या अल्सास प्रांतात जिलार्दोनी बंधूंनी शोधून काढले आणि १८४१ साली त्याचे पेटंट घेतले. त्या जातीचे कौल १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी कारखाना काढून पाडायला सुरुवात केली. नेत्रावतीकाठची माती त्याला मानवली. पुढे आणखी कारखाने निघाले आणि ही कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत आली. त्याआधी आमच्याकडे कुंभाराच्या चाकावरचे नळे होते. मातीची नळी फिरवायची आणि उभी चिरून तिचे दोन भाग करायचे. एक उताणा, एक पालथा. त्याहीआधी, आणि गरिबाच्या घरावर त्यानंतरही कितीतरी वर्षे, गवत आणि चुडते. पहिले मंगलोरी कौल वाडीत आले तेव्हा एखाद्या म्हाताऱ्याने, “गवताखालचा गारवा ह्येका नाय,” असे म्हणून तोंड फिरवले असेलच. तेव्हा जुन्याचा कैवार घ्यायचा तर नेमक्या कोणत्या जुन्याचा, हे आधी ठरवावे लागते.

म्हणून गुणदोषच पाहू, असे ठरले. माझा पुतण्या इंजिनियर आहे. त्याने वहीच्या पानावर बाण काढून दाखवले. वारा छपराला दाबतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात छपरावरून वेगाने जाताना तो त्याला वर ओढतो. छप्पर जितके सपाट, तितकी ही ओढ जास्त. म्हणून आपल्या जुन्या घरांची उभट, चौपाखी छपरे वाऱ्याला बरी तोंड देतात. दुपाखी घराची त्रिकोणी बाजू मात्र वारा अंगावर घेते. कौलाला खिळा नसतो. ते पाठीमागच्या बोंडावर रिपेला अडकून केवळ आपल्या वजनावर बसलेले असते. एक कौल साधारण अडीच किलोचे, आणि चौरस मीटरला अशी पंधरा लागतात. वारा फार झाला की काही कौले उठतात, आतला कोंडलेला वारा वाट काढतो आणि बाकीचे छप्पर जागेवर राहते. पत्रा नीट जखडलेला असला तर उत्तम. पण एक कडा सुटली की, तो शेजारच्या पत्र्यालाही ओढून घेतो आणि कोणाच्या अंगणात जाऊन पडेल याचा नेम नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडात शिरले, तेव्हा उडणाऱ्या पत्र्यांची दृश्ये आपण पाहिलीच आहेत.

“मग स्लॅब,” दादा म्हणाले. स्लॅब उडत नाही, हे कबूल. त्यावर माकड नाचले, नारळ पडला, तरी काही बिघडत नाही. घरपट्टीच्या कागदावर आणि वादळानंतरच्या पंचनाम्यात घराला ‘पक्के’ म्हणवून घेता येते, हाही मान लहान नव्हे. पण समुद्राचा खारा वारा सिमेंटच्या आतल्या सळीपर्यंत पोचतो. सळी गंजली की फुगते आणि खालचा गिलावा खपल्यांनी सोडते. सपाट माथ्यावर पाणी थबकते, आणि थबकलेले पाणी आज ना उद्या वाट शोधतेच. मालवणातून आचऱ्याकडे येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोजत या: हौसेने घातलेल्या स्लॅबवर लोखंडी खांब उभारून वर उतरता पत्रा टाकलेली घरे किती दिसतात! म्हणजे छपराला छप्पर. शेवटी उतार हवाच, ही गोष्ट पावसाने आमच्याकडून दोनदा पैसे घेऊन कबूल करून घेतली आहे. सिमेंटच्या पत्र्याचे नाव पुतण्याने स्वतःच खोडले. त्यातले अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात गेले तर कर्करोग होऊ शकतो. कित्येक देशांनी तो पदार्थ बंद केला. आपल्याकडे तो पत्रा निघतच राहिला.

इतके झाल्यावर कौले जिंकली असे तुम्ही म्हणाल. मलाही तसे वाटले होते. तोच दादांनी एक साधा प्रश्न विचारला, “परतणार कोण?”

कौलारू घराचे सारे मर्म या प्रश्नात आहे. मृगाच्या आधी घर शाकारावे लागते. रिपेवर जपून पाय द्यायचा, एकेक कौल उचलायचे, शेवाळ खरवडायचे, मधला पालापाचोळा काढायचा, फुटके बाजूला टाकायचे आणि पुन्हा खाचेत खाच बसवायची. आढ्यावरचे सांधे पाहायचे, वाळवीने खाल्लेला वासा बदलायचा. पूर्वी हे काम घरचे चार पुरुष आणि वाडीतले चार मिळून करीत; आज यांचे, उद्या त्यांचे. ते चारही पुरुष आता मुंबई-ठाण्याला किंवा पुण्याला. वाडीत जे उरले, त्यांची गुडघेदुखी चालू. मजुरीने माणसे मिळतात, पण ती पाऊस तोंडावर आला असता सगळ्यांनाच एकाच आठवड्यात हवी असतात. ज्या घरात वर चढणारे कोणी नाही, त्या घरावर कौले ठेवणे ही हौस कोणाच्या जिवावर? काकीच्याच ना? रात्री ठिबकू लागले की, अंधारात उठून भांडी मांडणार ती. दादांच्या बोलण्यात कोरडा हिशेब नव्हता. तिची काळजी होती.

काकी इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, “पत्र्याखाली पावस पडलो तर माणसाचा बोलणा आयकाक येना नाय. स्लॅबाखाली पावसच आयकाक येना नाय. माका दोनय आयकाक येवक व्हये.” आणि मग सुपातले खडे टिपता टिपता, जणू सहज, “कौलां परतूची लागतत म्हणान तरी मे म्हयन्यात कोण येता. स्लॅब घातल्यावर कोण कित्याक येतलो?”

यावर कोणी काही बोलले नाही.

‘कौल’ हा शब्द आमच्या भागात दोन अर्थांनी चालतो. एक हा मातीचा. आणि दुसरा, अरबीतून आलेला, वचनाचा. देवळात गुरव देवाला पाकळ्या लावतो, आपण प्रश्न घालतो, उजवी पाकळी पडली की देवाने होकार दिला. आचऱ्यात दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराच्या कौलाने गावपळण होते. सगळे गाव, गुराढोरांसकट आणि कोंबड्यांसकट, घरे बंद करून तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जाते. स्लॅबवाला, पत्रेवाला, कौलांवाला, सगळे झावळ्यांच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोपीत शेजारी शेजारी निजतात आणि पुन्हा कौल झाला म्हणजेच घरी परततात. त्या खोपी बांधायला मात्र मुंबईची माणसे रजा काढून येतात. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत हे मला ठाऊक आहे. पण काकीने त्या दिवशी विचारलेला प्रश्न देवाला घालतात तसाच होता: घरात कोणी येणार आहे की नाही? छपराची निवड त्या उत्तरावर अवलंबून होती, आणि आम्ही इतका वेळ उगीच वाऱ्याचे बाण काढीत बसलो होतो.

शेवटी मधला मार्ग निघाला. मागच्या पडवीवर पत्रा, चांगला जाड, आकड्यांनी जखडलेला. माजघर, देवघर आणि ओटी यांवर कौले. पण वासे लाकडाऐवजी लोखंडी नळ्यांचे, खाऱ्या वाऱ्यासाठी दोन हात रंग दिलेले. वळचणीच्या आणि आढ्याजवळच्या ओळी तारेने बांधून घेतल्या. जुन्यातली धड कौले वेगळी काढून पूर्वेच्या पाख्यावर चढवली. मधे एक काचेचे कौल बसवले, कारण दुपारचा तो कवडसा सरकताना पाहून काकी किती वाजले ते सांगते. दादांनी एकच अट घातली. ज्यांनी कौले मागितली, त्यांनी दर मे महिन्यात यायचे.

पहिल्या वर्षी आम्ही सात जण आलो. पुढच्या वर्षी पाच. २०२५ साली मी आणि पुतण्या, दोघेच. आणि त्या वर्षी मृगाची वाट पाहायची सोय पावसाने ठेवली नाही. २५ मे रोजीच तो देवगडपर्यंत येऊन थडकला, आणि त्याच्या आधीचे चार-पाच दिवसही धड कोरडे गेले नाहीत. आमचा पश्चिमेचा पाखा अर्धा उघडा होता. दोघांनी भिजत भिजत कौले लावली. काकी खालून एकेक हातात देत होती आणि “सावकाश, सावकाश” म्हणत होती. एकोणऐंशी वर्षांच्या बाईने अडीच किलोचे कौल डोक्याच्या वर उचलून द्यावे हे काही बरे नव्हे. ते मी तिला सांगितले. तिने पुढचे कौल दिले.

दादांचा प्रश्न अजून तिथेच आहे. दोघांचा एक होईल, एकाचा कोणीच नाही असे होईल, आणि मग स्लॅब घालावाच लागेल. त्यात कोणाचा दोष नसेल. पण तोवर पुढल्या मेच्या पहिल्या आठवड्यातली दोन तिकिटे काढायला मी पुतण्याला सांगितले आहे. तो म्हणाला, तीन काढतो. बाबा येतो म्हणतात. बाबा म्हणजे दादा. वय बहात्तर. वर चढू द्यायचे नाही, पण खालून कौले द्यायला माणूस झाला.