कामाचा भाव

तुमच्यापैकी अनेकांनी एच-वन-बीच्या कागदपत्रांत ‘प्रिव्हेलिंग वेज’ हे शब्द वाचले असतील. त्या भागात त्या कामाला जो पगार चालतो, त्याहून कमी देऊन परदेशी माणूस ठेवता येत नाही. ती नोटीस सहकाऱ्यांना दिसेल अशी दहा दिवस लावतात. माझी कॉफी मशीनशेजारी लागली आणि पोस्टडॉकला किती मिळतं ते सगळ्या मजल्याला कळलं!

पण आपल्या कितीतरी आधी हे शब्द गवंडी, सुतार, प्लंबर यांना लागू झाले. 1927च्या सुमारास न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर माजी सैनिकांचं सरकारी रुग्णालय बांधायचं कंत्राट अलाबामाच्या कंत्राटदाराला मिळालं. त्याने तिकडचेच स्वस्त मजूर आणले. तिथले खासदार रॉबर्ट बेकन यांनी विधेयक आणलं आणि 1931मध्ये डेव्हिस-बेकन कायदा झाला. केंद्र सरकारच्या 2,000 डॉलरवरच्या बांधकामावर मजूर खात्याने त्या भागासाठी ठरवलेला दर द्यावाच लागतो.

ते मजूर कृष्णवर्णीय होते, आणि काँग्रेसमधल्या चर्चेत त्यांचा रंगही निघाला. बाहेरचा येऊन आपला भाव पाडेल, ही भीती या कायद्याच्या मुळाशी होती. आज तीच भीती आपल्याबद्दलही बोलली जाते. तरी कायद्याची भाषा पाहा: माणूस कुठला हे तो विचारत नाही, काम कोणतं ते विचारतो. म्हणून आलेल्यालाही पूर्ण दर मिळतो आणि इथल्याचाही भाव पडत नाही.

पुण्याच्या मजूर अड्ड्यावर भाव रोज सकाळी नव्याने ठरतो. ज्याला घरी चूल पेटवायची घाई, त्याला सगळ्यांत कमी. इथे दरपत्रक साइटवर लावावं लागतं, पगार दर आठवड्याला द्यावा लागतो आणि त्याचं पत्रकही दर आठवड्याला सरकारकडे जातं.

पळवाट मात्र आहे. वायरिंग करणाऱ्याला कागदावर साधा मजूर दाखवलं, की तासाचा दर घसरतो. नियम सांगतो, हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष केलेलं काम मोजा. पण हे बोलायचं कुणी? नोकरी जाईल या धास्तीत असलेला माणूस गप्प बसतो. व्हिसावर असलेल्यांना ती धास्ती वेगळी समजावून सांगायला नको.

म्हणून तुमच्या ओळखीत कुणी बांधकामावर असेल, तर त्याला एवढंच विचारा: भिंतीवरचा दर आणि पगाराच्या चिठ्ठीवरचा दर जुळतो का? आणि हो, स्वतःची नोटीसही एकदा नीट वाचा.