मढमार्गे आळेफाटा

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याने माळशेज घाट चढून वर आलं की खुबी फाटा लागतो आणि थोड्याच वेळात मढ. एका अंगाला पिंपळगाव जोगा धरणाचा फुगवटा, मागे हरिश्चंद्रगडाची भिंत, रस्त्याकडेला भाजलेली कणसं आणि कांदाभजी. भरभराटीला आलेल्या देशात लोकांचा पेहराव, सणवार, धंदे कसे पालटतात हे पाहायला कुणी पुण्याच्या मॉलमध्ये जाईल, कुणी बंगळुरूला. मी हा रस्ता धरला, कारण मढ ते आळेफाटा या तासाभराच्या वाटेत दोन अर्थव्यवस्था लागतात. पश्चिमेला भात, नाचणी, वरई आणि रानातला हिरडा. पूर्वेला ऊस, कांदा, टोमॅटो आणि द्राक्षं. मोबाइल दोन्हीकडे तोच, जीन्स तीच, हळदीच्या कार्यक्रमाला सगळ्या वऱ्हाडाने पिवळं घालायची टूमही तीच. तेव्हा प्रगती अंगावरच्या कपड्यांत मोजायला गेलं तर हा रस्ता सपाट दिसतो. माझं म्हणणं असं की मोजमाप चुकतंय. माणूस काय विकत घेतो यावरून त्याची बरकत कळत नाही. तो जे विकतो त्याचा भाव ठरताना त्याला कुणी विचारतं का, यावरून कळते.

कपड्यांचा विषय मात्र उडवून लावण्यासारखा नाही. या पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती मोठी. इथल्या बायकांचं सुती लुगडं मागे पडलं, त्याची हळहळ शहरातल्या हौशी मंडळींना फार वाटते. पण माळशेजच्या पावसात नऊवारी सुती वस्त्र भिजलं की दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि पॉलिएस्टरचं पातळ चुलीच्या उबेला रातोरात सुकतं. भाताच्या लावणीला गाऊन आणि त्यावर घरधन्याचा जुना शर्ट हा वेश काही कुणी जाहिरातीतून शिकवलेला नाही. चिखलाने आणि हात ओरबाडणाऱ्या पात्यांनी तो शिकवला. त्याला मी फॅशनच म्हणेन, आणि चांगली फॅशन म्हणेन. तक्रार करायचीच तर इरल्याची करावी. बांबूच्या कामट्या आणि पानं गुंफून केलेलं, पावसात अंगावर घ्यायचं इरलं गावातलाच कारागीर करून देई आणि त्याची किंमतही गावातच ठरे. त्याच्या जागी प्लास्टिकचा कागद आला. तो हलका आणि स्वस्त आहे, शिवाय वाकून काम करताना सोयीचा आहे, म्हणून वापरणाऱ्याला दोष देता येत नाही. पण इरल्याचे पैसे गावात राहत. कागदाचे राहत नाहीत.

आता हिरड्याकडे येऊ, कारण या मुलखाचा फॅशनशी असलेला खरा नातेसंबंध तिथे आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळ्यात कोवळा बाळहिरडा झाडावरून उतरवतात आणि अंगणात वाळत घालतात. हिरवी फळं सुरकुतत सुरकुतत काळीकुट्ट होतात आणि पोत्यात भरली की दगडासारखी खडखडतात. त्रिफळा चूर्णात हिरडा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो कापडात असतो हे फार थोड्यांना माहीत असतं. हिरड्यात टॅनिन भरपूर. कलमकारीचं कापड रंगवण्याआधी हिरडा आणि म्हशीचं दूध यांत भिजवतात; त्या कापडावर लोखंड आणि गुळाच्या आंबवणीने रेघ ओढली की ती जागच्या जागी काळी होते, आणि दुधातल्या स्निग्धपणामुळे पसरत नाही. तुरटीबरोबर हाच हिरडा पिवळ्या-खाकी छटा देतो. इंग्रजी अमदानीत चामडं कमावण्यासाठी हिंदुस्थानातून हिरडा जहाजं भरभरून विलायतेला जाई. आज ‘नैसर्गिक रंग’ हा महागड्या दुकानांतला परवलीचा शब्द आहे, आणि त्या रंगाच्या तळाशी अनेकदा हिरडा असतो. गंमत अशी की वाटेत त्याचं नावसुद्धा बदलतं. रानात तो हिरडा, व्यापाऱ्याकडे हरडा, निर्यातीच्या कागदावर मायरोबलन. प्रत्येक नावागणिक भाव चढतो आणि झाडावर चढलेली व्यक्ती एकेक पायरी दूर राहते. केंद्र सरकारने 2013-14 मध्ये गौण वनोपजांना किमान आधारभूत किंमत देण्याची योजना आणली, तिच्या पहिल्या यादीतच हिरडा होता. तरी पोतं भरून तयार असलेल्या घराला पावसाआधी पैसे हवे असतात, आणि खरेदी उशिरा सुरू झाली की दारात उभ्या असलेल्या व्यापाऱ्याचा शब्द शेवटचा ठरतो.

यावर कुणी म्हणेल, डोंगरातला माणूस व्यापारात कच्चाच असायचा, त्याला बाजार काय करणार? या आक्षेपाला उत्तर द्यायला मढहून फार लांब जावं लागत नाही. दक्षिणेला नाणेघाट आहे. तिथे सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा मानतात. जुन्नरच्या लेण्यांमधले लेख मला त्याहून बोलके वाटतात. त्यांत धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यवसाय-संघाने, दिलेल्या सात खोल्यांच्या लेण्याची नोंद आहे. कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेण्यांचा उल्लेख आहे, आणि लोक त्यांच्याकडे दानाचा पैसा ठेवीसारखा सोपवत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी याच परिसरात इरल्याच्या जातकुळीचं काम करणारा कारागीर संघटित होता, आणि त्याच्या आर्थिक पतीवर लोक विसंबत. कच्चेपणा डोंगराच्या मातीत नाही. संघटना होती तेव्हा पत होती, एवढंच त्या लेखांतून निघतं.

डिंगोरे, उदापूर मागे टाकून ओतूरला पोचलं की जमीन हिरवी होते. हे पाणी पश्चिमेचंच आहे. कुकडी प्रकल्पाची पाच धरणं, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगा, जुन्नर-आंबेगावात उभी आहेत. त्यांचं पाणी शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. सुबत्ता बघायची तर ती इथे आहे: ट्रॅक्टरची शोरूम, शेततळी, ठिबकच्या नळ्यांची दुकानं, मंगल कार्यालयांच्या कमानी. माझा युक्तिवाद इथे ढासळतो असं वाटू शकतं. 2023 च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा 20 किलोचा क्रेट 2,000 रुपयांच्या वर गेला आणि जुन्नर तालुक्यातले शेतकरी देशभरच्या बातम्यांत झळकले. बाजाराने दिलंच की! पण पुढचे दोन महिनेही वाचावेत. ऑगस्टमध्ये नेपाळहून टोमॅटो आला, सरकारी संस्थांनी शहरांत जुलैतच सुरू केलेली स्वस्त विक्री चालू राहिली, आणि सप्टेंबरात दर असे कोसळले की तोडणी-वाहतुकीचा खर्चही सुटेना. त्याच ऑगस्टमध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातबंदी झाली. शहरातल्या ग्राहकाचाही संसार आहे, हे मान्य. तरी भाव चढला की हात घालायचा आणि पडला की बाजाराच्या नावाने गप्प बसायचं, याला धोरण म्हणवत नाही. शेतकऱ्याने यातून जो धडा घेतला तो शिवारात दिसतो: ऊस. उसाला दरवर्षी एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर होते, 2024-25 च्या हंगामाला क्विंटलमागे 340 रुपये, आणि कारखाना अनेकदा सहकारी असतो. ऊस पाणी पितो, जमीन थकवतो, बिबट्यांना घर देतो, तरी लोक तो लावतात, कारण त्याचा भाव लावण्याआधी अंदाजता येतो.

विकणाऱ्याच्या तोंडून भाव निघतो असा या परिसरातला जुना धंदा एकच सांगता येईल, तमाशा. यात्रांच्या हंगामाआधी नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावकारभारी येतात, आणि तिथीनुसार सुपारी ठरते. मोक्याच्या तिथीचा दर वेगळा, आडदिवसाचा वेगळा. फडमालक कर्जात असतात हेही खरं. पण निदान घासाघीस समोरासमोर होते.

राहिला पर्यटनाचा मुद्दा. सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं आहे आणि मढच्या पंचक्रोशीत रिसॉर्टच्या पाट्या दिसतात. फुगवट्याच्या काठावर लग्नाआधीचं चित्रीकरण, भाड्याचे फेटे, सेमी पैठणी, ड्रोन हे सगळं आता नेहमीचं आहे. रोजगार येतो हे कुणी नाकारू नये. पण तो पावसाच्या तीनेक महिन्यांतल्या शनिवार-रविवारचा रोजगार आहे. कणीस विकणाऱ्या बाईला कणसाचा भाव स्वतः सांगता येतो. रिसॉर्टमध्ये भांडी घासायला गेली की येत नाही. म्हणून कणसाची टपरी हटवून ‘सुशोभीकरण’ करायच्या कुठल्याही बेताला माझा विरोध राहील.

नैसर्गिक रंगाची साडी किंवा कुर्ता घ्याल तेव्हा त्याचं लेबल वाचा. विणकराचं गाव त्यावर हल्ली असतं, ही चांगली सुधारणा आहे. हिरडा कुठल्या रानातून आला हे लिहिलेलं लेबल मी अजून पाहिलेलं नाही.